शेवटचा फेरफार कधी झाला?

भाचीचा फोन रात्री साडेनऊला आला. "मावशी, माझ्या वेळापत्रकात अर्थशास्त्राचा पेपर पंधराला आहे आणि निधीच्या वेळापत्रकात अठराला. दोघींनी एकाच लिंकवरून उघडलंय." लिंक खरंच एक आहे का, असं मी विचारलं. "अक्षर न् अक्षर एक. फाइलचं नावही तेच." तिने दोन्ही फोनवरचे स्क्रीनशॉट पाठवले. पत्ता एक, नाव एक, पण आतले रकाने वेगळे. 'सुधारित' हा शब्द दोन्हींत कुठेही छापलेला नव्हता. वेळापत्रक कधी काढलं, तेही लिहिलेलं नव्हतं. कोणाचं खरं धरायचं?

मी लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं, एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. सेकंदाच्या आत दहा-बारा ओळींचं उत्तर आलं. त्यातली एक ओळ 'लास्ट-मॉडिफाइड' या शब्दांनी सुरू होत होती आणि तिच्यापुढे होतं: गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२५, १२:४०:११ जीएमटी. आपल्या घड्याळाने आदल्या संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. भाचीने ती फाइल २० फेब्रुवारीला उघडली होती, निधीने फोन आला त्याच दिवशी, २८ ला दुपारी. म्हणजे निधीचं वेळापत्रक ताजं, पेपर अठराला. मी ती पीडीएफ उघडलीसुद्धा नव्हती, सर्व्हरला फक्त तिच्याबद्दल विचारलं होतं.

ज्यांच्या घरात जमिनीचे कागद आहेत त्यांना 'फेरफार' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सातबारावर काय लिहिलंय हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्यावरचा शेवटचा फेरफार कोणत्या तारखेचा हेही. त्यासाठी गाव नमुना सहाची स्वतंत्र नोंदवही आहे. वेबवरच्या फाइलींना अशी नोंदवही नसते. त्यांची नावं तीच राहतात आणि आतला मजकूर गुपचूप बदलतो. निविदेच्या अटी, प्रवेशाची यादी, औषधांचे दर, पावसाचे आकडे, सगळं जुन्याच नावाखाली नवं होऊन बसतं. म्हणून शेवटच्या फेरफाराची तारीख विचारता येणं हे मला प्रत्येक जागरूक वाचकाचं कौशल्य वाटतं, संगणक-अभियंत्यांची मक्तेदारी नाही.

टर्मिनलमध्ये लिहायचं ते इतकंच: कर्ल हा शब्द, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून मोठ्या लिपीतलं 'आय', पुन्हा मोकळी जागा, आणि शेवटी फाइलचा पूर्ण पत्ता. पत्त्यात प्रश्नचिन्ह किंवा तत्सम चिन्हं असतील तर तो अवतरणचिन्हांत ठेवावा, नाहीतर टर्मिनल त्या चिन्हांचा भलताच अर्थ लावतं. 'आय' मोठ्या लिपीतलंच हवं. छोट्या लिपीतलं पडलं तर तारखेसोबत अख्खी फाइलही मागवली जाते, आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचं असतं. पुष्कळदा फाइल दुसऱ्या पत्त्यावर हलवलेली असते. मग उत्तराच्या पहिल्या ओळीत ३०१ किंवा ३०२ हा आकडा दिसतो. असं झालं तर त्याच ओळीत उणे चिन्हासह मोठ्या लिपीतलं 'एल' घालायचं, म्हणजे कर्ल नव्या पत्त्यापर्यंत स्वतःच चालत जातं. अशा वेळी दोन उत्तरं एकाखाली एक छापली जातात. आपल्या कामाची तारीख शेवटच्या उत्तरातली.

कर्ल हे साधन स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं. नव्वदच्या दशकात त्यांना गप्पांच्या एका खोलीतल्या बॉटसाठी चलनांचे विनिमय दर वेबवरून नेमाने आणायचे होते. त्यासाठी त्यांनी राफाएल सागुला या ब्राझीलच्या प्रोग्रॅमरचं एक छोटं साधन हाती घेतलं आणि वाढवलं. २० मार्च १९९८ रोजी ते कर्ल या नावाने बाहेर आलं. पुन्हा पुन्हा बदलणारी माहिती पुन्हा पुन्हा आणायची, या गरजेतून ते जन्मलं आहे, म्हणून तारखेची विचारपूस त्याच्या स्वभावातच आहे असं मला वाटतं. आज मॅकवर ते आधीपासून असतं, लिनक्सवर बहुधा असतं, विंडोज १० मध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून आहे. विंडोजवर एक खाच आहे: तिथल्या जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल लिहिलं तर दुसरीच कमांड चालते, म्हणून शब्दापुढे टिंब आणि 'ईएक्सई' जोडावं. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप घेतलं की त्यातही कर्ल बसवता येतं.

त्या 'आय'मुळे नेमकं काय होतं? ब्राउझर सर्व्हरकडे जातो तेव्हा त्याची मागणी 'गेट' या शब्दाने सुरू होते. मोठ्या लिपीतलं 'आय' लावलं की मागणी 'हेड' या शब्दाने जाते. दोन्हींना सर्व्हरने एकसारखीच प्रस्तावना द्यायची असते: फाइल केवढी, कोणत्या प्रकारची, कधीची. फरक इतकाच की 'हेड'ला उत्तर देताना प्रस्तावनेनंतर थांबायचं, मजकूर द्यायचा नाही. १९९१ मधल्या वेबच्या पहिल्यावहिल्या भाषेत 'गेट' एवढा एकच शब्द होता. मे १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज आरएफसी १९४५ या क्रमांकाने निघाला, तेव्हा त्यात 'हेड' होता आणि शेवटच्या बदलाची तारीखही.

या काटकसरीची किंमत कळायला ते दिवस आठवावे लागतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. फोन लावून जोडणी व्हायची. सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरवायला सुमारे १४ मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला. ती उतरवल्यावर 'ही तर कालचीच आहे' असं कळणं किती जिवावर येत असेल! 'हेड'च्या उत्तराची काहीशे अक्षरं त्याच वेगाने अर्ध्या-एका सेकंदात येतात.

आता तारखेकडे नीट पाहू. ती नेहमी जीएमटीमध्येच असते. सर्व्हर मुंबईत असो की ओहायोत, तिथलं स्थानिक घड्याळ या ओळीत चालत नाही. आपण साडेपाच तास मिळवायचे. दुपारच्या वेळी हे सोपं जातं, पण जीएमटीचे १८:३० वाजून गेले की आपल्याकडे तारीखच बदललेली असते. उत्तरात २७ तारीख आणि १९:०५ दिसलं तर आपल्यासाठी २८ उजाडून पस्तीस मिनिटं झालेली आहेत. शेवटच्या मुदतीच्या भांडणात या पस्तीस मिनिटांवर बरंच काही ठरू शकतं. घड्याळ कोणाचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ ठरल्यावरही मुंबईने पुढे कित्येक वर्षं स्वतःची वेळ चालवली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. वेबने ही कटकट सुरुवातीलाच मिटवली. तारखेचा साचाही ठरलेला: वार, तारीख, महिना, साल, तास-मिनिटं-सेकंद. नमुना म्हणून १९९६ च्या त्या दस्तऐवजात ६ नोव्हेंबर १९९४, रविवार, सकाळचे ८:४९:३७ हा क्षण दिला होता. जून २०२२ मध्ये आलेल्या आरएफसी ९११० मध्येही उदाहरण म्हणून तोच रविवार आहे. इतक्या वर्षांत कोणाला तो बदलावासा वाटला नाही, हे मला फार आवडतं.

पण सर्व्हरला ही तारीख कुठून कळते? इथे जरा थांबायला हवं, कारण ज्यांची फसगत होते त्यांची इथेच होते.

साधी फाइल असेल तर सर्व्हर आपल्या डिस्कला विचारतो. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर प्रत्येक फाइलपाशी निदान तीन वेळा नोंदलेल्या असतात. 'ए-टाइम', म्हणजे फाइल शेवटची कधी वाचली. 'एम-टाइम', म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. आणि 'सी-टाइम', ज्याला पुष्कळ लोक फाइल निर्माण झाल्याची वेळ समजतात, पण ती फाइलच्या नोंदीत झालेल्या बदलाची वेळ असते: मालक बदलला, परवानग्या बदलल्या, तरी ती पुढे सरकते. शेतात उसाऐवजी सोयाबीन लावलं तर तो एम-टाइम. शेत आहे तसंच राहिलं आणि कागदावर फक्त नाव चढलं, तर एम-टाइम हलत नाही, सी-टाइम हलतो. वेबवर आपल्याला दिसतो तो बहुधा एम-टाइम. संगणकाच्या पोटात तो १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, अर्थात जीएमटीच्या, किती सेकंद झाले अशा आकड्यात असतो. भाचीच्या वेळापत्रकाचा आकडा होता १७४०६६००११.

हा आकडा म्हणजे फाइलच्या अंगावरची जन्मखूण नव्हे. डिस्कच्या नोंदीत कोणीतरी लिहिलेली संख्या आहे ती, आणि ती पुन्हा लिहिता येते. 'टच' नावाची एक कमांड हेच करते. मजकुराला हात न लावता ती एम-टाइम आत्ताचा करते, आणि सांगितलं तर १९८५ चाही करते. यात लपवाछपवी असलीच पाहिजे असं नाही. १९७६ मध्ये बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन बनवलं, ते याच तारखा ताडून कोणती फाइल पुन्हा तयार करायची हे ठरवतं, आणि एखादी फाइल मुद्दाम नव्याने तयार करायला लावायची तर तिला 'टच' करणं हा प्रोग्रॅमरांचा रोजचा रिवाज आहे. पण परिणाम लक्षात ठेवावा: लास्ट-मॉडिफाइड ही सर्व्हरने दिलेली साक्ष आहे. साक्षीदार बहुतेक वेळा प्रामाणिक असतो, तरी तो काय पाहून बोलतोय हे विचारावं लागतं.

सगळ्यांत नेहमीची चूक कॉपी करण्याने होते. फाइल एका जागेवरून दुसरीकडे कॉपी केली की नव्या प्रतीला आजची तारीख मिळते, मजकूर दहा वर्षांपूर्वीचा असला तरी. तारीख जपायची तर कॉपीच्या कमांडला तसं वेगळं सांगावं लागतं. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना हे सांगायचं राहिलं, की हजारो फाइली एका रात्रीत 'नव्या' होतात. म्हणून माझा एक पडताळा ठरलेला आहे. एका फाइलची तारीख संशयास्पद वाटली की त्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या, काहीही संबंध नसलेल्या तीन-चार फाइलींची तारीख विचारायची. सगळ्यांची वेळ काही मिनिटांच्या अंतरात निघाली तर तो सामानाच्या ट्रकचा दिवस होता, मजकुराच्या बदलाचा नव्हे. वेळापत्रकाच्या बाबतीत मी हेच केलं होतं. शेजारच्या दोन परिपत्रकांच्या तारखा नोव्हेंबर आणि जानेवारीतल्या आल्या, तेव्हा कुठे २७ फेब्रुवारीवर माझा विश्वास बसला.

ॲमेझॉनच्या एसथ्रीसारख्या कोठारांत ठेवलेल्या फाइलींचीही तारीख ती वस्तू कोठारात चढवल्याची असते, तुमच्या संगणकावर तिच्यात शेवटचं अक्षर कधी लिहिलं ते तिथे कोणाला ठाऊक नसतं. प्रोग्रॅमर ज्यात कोडच्या आवृत्त्या जपतात त्या गिटमध्ये ठेवलेल्या प्रकल्पांचं आणखी वेगळं. गिट फाइलींचे एम-टाइम साठवतच नाही. प्रकल्प उतरवून घेतला की सगळ्या फाइलींवर उतरवल्याची वेळ चढते. तिथे खरी तारीख हवी असेल तर गिटच्या नोंदवहीला, म्हणजे 'गिट लॉग'ला, त्या एका फाइलच्या नावाने विचारावं. ती मात्र फेरफार नोंदवहीसारखीच आहे: कोणी, कधी, काय बदललं, सगळं ओळीने.

आणि जी पानं मागणी येताच जुळवून दिली जातात, बातम्यांची, बँकेची, निकालांची, त्यांना डिस्कवरची एक अशी फाइलच नसते. तिथे लास्ट-मॉडिफाइडची ओळ बहुतेकदा येतच नाही. कधी येते, पण तिच्यात याच क्षणाची वेळ असते. हे ओळखायला सोपं आहे. उत्तरात 'डेट' नावाची आणखी एक ओळ असते, उत्तर कधी दिलं ते सांगणारी. दोन्ही वेळा सेकंदासकट सारख्या आल्या तर पान आत्ताच शिजवलंय असं समजावं आणि त्या तारखेवरून काही निष्कर्ष काढू नये. सर्व्हरचं घड्याळच पुढे-मागे असेल तर तेही या 'डेट'वरून कळतं, आपल्या घड्याळाशी ताडून पाहायचं. 'एज' नावाची ओळ दिसली तर आपल्याशी मूळ सर्व्हर बोलत नाही, वाटेतला एखादा साठवण-सर्व्हर आपल्याजवळची प्रत दाखवतो आहे, आणि ती प्रत किती सेकंद जुनी आहे हे तो आकडा सांगतो.

काही सर्व्हर तारीख देत नाहीत, पण 'ईटॅग' देतात. ही मजकुराच्या आवृत्तीची खूण. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने ती आणली, कारण सेकंदापर्यंतच मोजणाऱ्या तारखेला एका सेकंदात झालेले दोन बदल वेगळे दिसत नाहीत. ईटॅगमध्ये काय लिहायचं हे सर्व्हरवर सोपवलेलं आहे, वाचणाऱ्याने त्याचा अर्थ लावू नये अशी अपेक्षा आहे. तरीही सांगते: एनजिनेक्स हा फार वापरला जाणारा सर्व्हर साध्या फाइलींसाठी ईटॅग बनवतो तो एम-टाइम आणि फाइलचा आकार यांचे षोडशमान आकडे मध्ये आडवी रेघ घालून जोडून. म्हणजे ६७सी०५डी२बी असा पहिला तुकडा दिसला, तर तो दशमानात केला की १७४०६६००११ येतात. तेच आपले सेकंद, आणि लिनक्सवरची 'डेट' कमांड त्यांची तारीख करून देते. तारखेची ओळ गळली तरी ती अशी कुठेतरी शिल्लक असते. हे पहिल्यांदा उलगडलं त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांना धरून धरून दाखवलं होतं.

एखादा सर्व्हर 'हेड' मागितलं की चक्क नकार देतो, ४०५ किंवा ४०३ असा आकडा येतो. मग 'गेट'च करायचं, पण फक्त पहिला एक बाइट मागायचा. कर्लला छोट्या लिपीतल्या 'आर'पुढे शून्य ते शून्य असा पल्ला देता येतो, आणि प्रस्तावना दिसावी म्हणून सोबत छोट्या लिपीतलं 'आय' लावायचं. प्रस्तावना पूर्ण येते, मजकुराचं एकच अक्षर.

वेबच्या आधीपासूनचा एक दरवाजा अजून कुठे कुठे उघडा आहे, एफटीपीचा. संशोधन संस्थांची जुनी कोठारं त्यावर चालली. फाइली इकडून तिकडे नेण्याच्या या पद्धतीचा पहिला दस्तऐवज, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मधला, आणि तो लिहिला अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीच्या अगदी पहिल्या तुकडीत ते १९६५ मध्ये पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीला गेले. आपल्याकडे हे नाव फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. एफटीपीमध्ये तारीख विचारण्याचा शब्द एमडीटीएम. सर्व्हर उत्तर देतो २१३ आणि पुढे चौदा आकडे सलग: साल, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद, तेही जागतिक वेळेत. हा शब्द बरीच वर्षं नुसत्या वहिवाटीने चालला. मानकात त्याला जागा मिळाली ती मार्च २००७ मध्ये, आरएफसी ३६५९ ने. कर्लचं ते मोठ्या लिपीतलं 'आय' एफटीपीच्या पत्त्यालाही चालतं, आतला एमडीटीएम ते आपणहून विचारतं.

दूरच्या संगणकावर तुमचं खातं असेल तर मात्र मध्यस्थाची गरजच नाही. एसएसएच या सुरक्षित जोडणीने त्या संगणकाला थेट 'स्टॅट' ही कमांड द्यायची. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरले गेल्यावर तातू इलोनन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, आणि आज जगातले बहुतेक सर्व्हर त्याच्यावरून चालवले जातात. एसएसएच, मग खातं आणि यंत्राचं नाव, मग स्टॅट आणि फाइलचं नाव असं एका ओळीत लिहिलं की त्या तिन्ही वेळा सेकंदाच्या अपूर्णांकांसह समोर येतात आणि जोडणी बंद होते. मॅकवर आणि लिनक्सवर 'स्टॅट'ची बोली वेगळी आहे. इकडे शिकलेली जोडचिन्हं तिकडे चालत नाहीत, तेव्हा समोरचं यंत्र कोणतं हे आधी पाहावं. इथे वेळ त्या यंत्राच्या स्थानिक घड्याळाची दिसते, शेजारी जागतिक वेळेपासूनचं अंतर लिहिलेलं असतं. ते वाचायला विसरू नये.

एवढं सगळं झालं, पण भाचीचा मूळ प्रश्न राहिलाच होता. फाइल २७ तारखेला बदलली, तर २८ च्या रात्री तिचा फोन जुनी का दाखवत होता? तिने लिंक तर पुन्हा दाबली होती.

याचं उत्तर पुन्हा त्याच तारखेत आहे. ब्राउझर एकदा आणलेली फाइल जवळ ठेवतो. ती किती काळ ताजी समजायची हे सर्व्हरने सांगावं अशी अपेक्षा असते. सांगितलं नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो, आणि तो अंदाज लास्ट-मॉडिफाइडवरून बांधतो: जी गोष्ट बराच काळ बदललेली नाही ती आणखी थोडा काळ बदलणार नाही. मानकात उदाहरण दिलं आहे ते दहा टक्क्यांचं, आणि व्यवहारात तेच रूढ आहे. जुनं वेळापत्रक संकेतस्थळावर आलं होतं १ नोव्हेंबरला. भाचीने ते २० फेब्रुवारीला आणलं तेव्हा ते १११ दिवस जुनं होतं. त्याचे दहा टक्के अकरा दिवस. तिचा फोन ३ मार्चपर्यंत सर्व्हरला काही विचारणारच नव्हता. निधीने फाइल आयुष्यात पहिल्यांदा त्या दुपारी उघडली, म्हणून तिला नवी मिळाली. फाइल जितकी जुनी आणि जितकी भरवशाची वाटावी, तितका ती बदलल्याचा पत्ता उशिरा लागतो. कर्ल काही साठवत नाही, प्रत्येक वेळी जाऊन विचारतं, म्हणून त्याचं उत्तर वेगळं आलं. मी भाचीला सांगितलं, "इनकॉग्निटोमध्ये उघड." तिथे आधीचा साठा नसतो. उघडलं, पेपर अठराला.

यात त्या संस्थेचीही चूक आहे, आणि ती सौम्यपणे सांगण्यासारखी नाही. सुधारित वेळापत्रकाला सुधारित नाव द्यावं, आत तारीख छापावी, आणि सर्व्हरला 'ही फाइल वापरण्याआधी दर वेळी मला विचारा' अशी एक ओळ उत्तरात घालायला सांगावी. ही तिन्ही कामं मिळून अर्ध्या तासाची आहेत. त्या अर्ध्या तासाअभावी किती मुली पंधराला परीक्षा केंद्रावर गेल्या असतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. भाचीने टर्मक्स बसवून घेतलं आणि मी तिला फोनवरून अक्षर अक्षर सांगत गेले. मोठं आय, मग मोकळी जागा, मग उणे आणि छोट्या लिपीतलं झेड. झेडपुढे अवतरणचिन्हांत ती तारीख, सर्व्हरने दिली होती तशीच, जीएमटीसकट. मग पत्ता. झेड लावलं की कर्ल सर्व्हरला अट घालतं: या तारखेनंतर बदलली असेल तरच सांग. बदलली असेल तर उत्तर २०० ने सुरू होतं आणि नवी तारीख येते. बदलली नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच म्हणतो, 'फेरफार नाही'. ही अट १९९६ च्या त्या दस्तऐवजातही होती. ब्राउझरही जवळची प्रत शिळी झाली असं वाटलं की हाच प्रश्न विचारतात. फरक एवढाच की आता तो कधी विचारायचा हे भाची ठरवणार होती.

पहिल्यांदा चुकलं, तिने तारखेचं एक अवतरणचिन्ह गाळलं होतं. दुसऱ्यांदा जमलं. मग ती रोज संध्याकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी ते करायची. १७ मार्चला, पेपरच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमाराला तिचा मेसेज आला: "मावशी, तीनशे चार."